भांग छान बसलाय

केक कापून झाला होता. सगळ्यात मोठा तुकडा आत्यानं 'मला नको गं, मला नको' म्हणत म्हणत संपवला होता. तेवढ्यात अण्णांनी आपला फोन टेबलावर उपडा ठेवला. त्यावर चष्मा ठेवला. चष्म्यावर रुमाल पसरला.

अण्णांच्या मधल्या मुलानं ते पाहिलं आणि त्याचे कान टवकारले. अण्णा एखादी गोष्ट अशी झाकून ठेवायचे ती एकाच वेळी. काम बिघडलं की.

आता 'काम' म्हणजे काय, ते सांगायला हवं. या घरात टोप हा शब्द तोंडातून काढायचा नाही. विग तर नाहीच नाही. अण्णांच्या वडिलांनी खाली दुकान थाटलं तेव्हापासून शब्द एकच, काम. 'बाईंचं काम तयार आहे.' 'साहेबांचं काम धुवायला आलंय.' दुकानाच्या पाटीवरसुद्धा तेवढंच लिहिलेलं: केसांचं काम. ज्याला कळायचं त्याला कळायचं, आणि ज्याला कळलं तो मागच्या दारानं यायचा. बारीक जाळी घ्यायची, आकड्यानं एक केस त्यात ओवायचा, गाठ मारायची, पुढचा केस घ्यायचा. एकेका डोक्यापायी महिने जायचे. आणि एवढं खपून केलेलं ते काम कुणाच्या नजरेत भरलं, की मातीत गेलं. चांगलं झाल्याची खूण एकच, कुणालाच कळत नाही.

म्हणून घरचा नियमही एकच होता. रस्त्यात ओळख नाही. गिऱ्हाईक समोरून आलं, अगदी अंगावर आलं, तरी अण्णा दुकानांच्या काचा बघत पुढे जायचे. मधल्याच्या शाळेचे हेडमास्तर वर्षानुवर्षं दुकानात येत होते, आणि शाळेच्या समारंभात ते हात जोडून समोर आले तेव्हा अण्णांनी त्यांना चारचौघांत विचारलं होतं, "आपण कोण?" हेडमास्तर इतके खूश झाले, की त्यानंतर त्यांनी मधल्यावर कधी हात उचलला नाही. मधला त्या सवलतीचा जो फायदा घ्यायला लागला, तो पन्नाशी उलटली तरी घेतच होता. लग्न त्यानं केलं नव्हतं. घरादाराच्या खोड्या काढण्यातून सवडच मिळाली नाही, असं तो सांगायचा. आत्या अजूनही त्यानं दिलेला डबा हात लांब करून उघडायची.

त्यानं आपली खुर्ची अण्णांकडे सरकवली.

"काय झालं?"

"काही नाही. केक खा."

"मग फोनला पांघरूण कशाला?"

"थंडी वाजतेय त्याला."

अण्णा विनोद करताहेत म्हटल्यावर मधल्याची खात्रीच पटली. भानगड मोठी होती.

टेबलाच्या त्या टोकाला थोरल्यानं घसा साफ केला. थोरला घसा साफ करतो तेव्हा पुढचं सगळं ठरवून आलेला असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट बशा गोळा करायला घेतल्या.

"सगळे जमलोच आहोत," थोरला म्हणाला, "तर दुकानाच्या त्या ऑनलाइन पेजचं काय ते ठरवून टाकू."

नवी ताठ बसली. नवी म्हणजे थोरल्याची सून. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी घरात तिला नवीच म्हणत. आत्या म्हणायची, पुढची येईपर्यंत हीच नवी, आणि पुढची येणार कुठून, थोरल्याला मुलगा एकच. तो मुलगा आज केसांचा माल बघायला परगावी गेला होता. म्हणजे नवी एकटीच मैदानात.

"अण्णांचा ऐंशीवा वाढदिवस आहे, बाबा," ती म्हणाली. "आज नको ना."

"आजच. सहा महिने ऐकतोय मी. रोज एक व्हिडिओ टाका, लोकांशी बोला, विकायचं बोलू नका, कामच बोलेल. बरं. काल मी बसून पाहिलं. तो गाठ मारायचा व्हिडिओ, अण्णांचे हात दिसतात तो. त्याला लाइक किती? बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक माझा, एक हिचा, दोन आत्याचे."

"आत्याचे दोन कसे?" मधल्यानं विचारलं.

"माझी दोन खाती आहेत," आत्या म्हणाली. "एक यांना दाखवायला."

"दुसऱ्यावर काय करतेस?"

"तुला कशाला सांगू?"

"बाबा," नवी म्हणाली, "आपल्याला लाइक करेल कोण? लाइक केलं की जगाला दिसतं. अमक्याला केसांचं काम आवडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे त्याच्या डोक्याकडे बघत बसतील."

"म्हणजे पेज चालत नाही."

"चालतंय. लोक लाइक करत नाहीत, सेव्ह करतात. सेव्ह केलेलं कुणाला दिसत नाही. तोच व्हिडिओ, बाबा, शेकड्यांनी लोकांनी जपून ठेवलाय." ती जरा थांबली. "ते सगळे मागच्या दारानं आलेत."

मधल्याला हे वाक्य फार आवडलं. थोरलीलाही आवडलं असावं, कारण बशा गोळा करता करता ती म्हणाली, "बरोबर आहे पोरीचं. मीसुद्धा ते गुडघेदुखीचं सेव्हच करते. लाइक केलं तर वहिनींचे गुडघे गेले म्हणून बोंब होईल."

थोरला चमकला. बायको सुनेच्या बाजूनं बोलते हे त्याच्या ठरवून आणलेल्यात बसत नव्हतं. पण थोरला वाईट माणूस नव्हता, आणि पुढे तो जे बोलला त्यात काही खोटंही नव्हतं.

"हे बघ बाळा," तो नवीला म्हणाला, "तुझ्या हुशारीबद्दल मी बोलतच नाहीये. आपला धंदा न दिसण्याचा आहे. आणि आपण रोज सकाळी चव्हाट्यावर जाऊन उभे राहतोय. आज नाही, उद्या नाही, पण एक दिवस आपल्या हातून कुणाचं तरी बिंग फुटणार. तसं काही होण्याच्या आत..."

"झालंय," अण्णा म्हणाले.

अण्णांनी रुमाल उचलला, चष्मा उचलला, आणि फोन तसाच उपडा नवीकडे सरकवला.

नवीनं तो उलटा केला. मधला तिच्या खांद्यावरून डोकावला. एका फोटोग्राफरचं पेज होतं. लग्नाचा फोटो. नवरी वाऱ्यात उभी, मान थोडी मागे टाकून हसतेय, आणि केसांची एक बट गालावर आलीय. नवीनं आणि मधल्यानं एकदमच तिला ओळखलं.

"दातवाली," मधला हळूच म्हणाला.

दोन गल्ल्या पलीकडे तिचा दवाखाना होता. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणारी मुलगी. चाई लागून तिचे केस गेले होते, आधी रुपयाएवढी जागा, मग सगळंच. मागच्या दारानं पहिल्यांदा आली तेव्हा तिनं एकच मागणं केलं होतं, लग्नात वारा आला तर केस हलले पाहिजेत. होणाऱ्या नवऱ्याला ठाऊक होतं. सासरी बाकी कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कधी सांगायचं ते ती तिच्या सवडीनं ठरवणार होती. त्या कामाचा भांग अण्णांनी कुणाला करू दिला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायचं, पाठ धरायची, तरी स्वतः बसले होते.

फोटोखाली दुकानाच्या नावानं लिहिलेलं होतं. नवीनं ते वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता तिचा आवाज लहान लहान होत गेला.

"भांग छान बसलाय. पुढच्या महिन्यात धुवायला घेऊन या. अण्णा."

मधल्याला आतून हसू फुटत होतं आणि त्याच वेळी फोटोतल्या त्या मुलीकडे बघवतही नव्हतं. हे दोन्ही एकदम होऊ शकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"अण्णा," थोरला म्हणाला, "हे सगळ्यांना दिसतं."

"मघाशी कळलं, खाली कुणीतरी विचारायला लागलं तेव्हा."

"मग लिहिलंत कसं?"

"मला वाटलं, मी दुकानात आहे." अण्णांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्यांच्या डोक्यांवर जन्म घालवलेल्या या माणसानं स्वतःच्या डोक्यावर कधी काही चढवलं नव्हतं. "फोन माझ्या खिशात असतो. खिसा दुकानात असतो. खालच्या खुर्चीत बसून लिहिलं मी. मला वाटलं, आत बोलतोय. हा रस्ता आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"माझंच चुकलं," नवी म्हणाली. "मीच त्यांना शिकवलं. चांगलं काम दिसलं की खाली दोन आपुलकीचे शब्द लिहायचे, त्याला एंगेजमेंट म्हणतात म्हणून."

"मी तेव्हाच म्हटलं," अण्णा म्हणाले, "एंगेजमेंट कसली, लग्न झालंय तिचं."

आत्याला ठसका लागला. तो हसण्याचा होता की केकचा, ते तिनं कळू दिलं नाही. "आधी ते पुसून टाका," ती म्हणाली. "बसलात काय? पुसा!"

"पुसूया," थोरला म्हणाला. "आणि पेजही आत्ताच्या आत्ता बंद."

नवीनं बोट पुढे केलं. तेवढ्यात फोन हातात थरथरला. निरोप होता. दातवालीचाच.

"ते आता काढू नका. नणंदेनं पाहिलंय, खाली विचारलंय. काढलंत तर संशय येईल. सगळे घरीच आहेत, मी सारखी फोनवर दिसायला नको. काहीतरी करा प्लीज. अण्णांना कुणी रागावू नका, भांग खरंच छान बसलाय."

शेवटचं वाक्य नवीनं वाचलं तेव्हा अण्णांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. तो मघाशीच पुसलेला होता.

फोटोखाली खरंच नणंदेचा प्रश्न होता. 'धुवायला काय आणायचं हो आजोबा?' त्याखाली कुणीतरी नुसतीच प्रश्नचिन्हं टाकली होती, तीन का चार.

"उत्तर देऊन टाका," आत्या म्हणाली. "लिहा, कपडे."

"केसांच्या दुकानात कपडे?"

"मग लिहा, चुकून दुसऱ्या कुणाला तरी लिहिलं."

"दुसरी कोण, ते विचारतील," थोरला म्हणाला. जिंकलेल्या माणसासारखा तो अजिबात दिसत नव्हता. खुर्चीत मागे टेकून त्यानं डोळे मिटले होते. "काढलं तरी कळणार, ठेवलं तरी कळणार. मी हेच म्हणत होतो रे."

"तू म्हणत होतास ते खरंच आहे," अण्णा म्हणाले. मग ते स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागले. "कड दिसायला लागली. कपाळावरची कड एकदा दिसली ना, की नवशिका घाबरतो. चिमटा घेतो आणि तिथले केस उपटायला लागतो. जितकं उपटावं तितकी ती कड जास्त डोळ्यांत येते. कड लपवायची तर काढायचे नसतात केस. आजूबाजूला आणखी घालायचे. आखूड, वाकडेतिकडे, कसेही. मग नजर ठरतच नाही कुठं."

अण्णा दमून बोलायचे थांबले. मधला थांबला नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी टणकन वाजलं होतं. लहानपणी शेजाऱ्याच्या सगळ्या कोंबड्यांना निळा रंग द्यायचं सुचलं होतं, तेव्हा वाजलं होतं तसंच.

"अण्णा," तो म्हणाला, "आणखी घालूया."

"काय?"

"भांग. हेच वाक्य. सगळ्या गावाच्या फोटोंखाली. औषधवाला, शिंपी, पोस्टातला, व्यायामवाला, जो जो आपला ओळखीचा आहे त्या प्रत्येकाला. भांग छान बसलाय, पुढच्या महिन्यात धुवायला घेऊन या. अण्णा."

"डोकं फिरलंय तुझं," आत्या म्हणाली.

"ऐक तरी. तुम्ही रस्त्यात एकाच माणसाला नमस्कार केलात, तर ती ओळख. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला करत सुटलात, तर..." तो अडखळला.

"तर म्हातारा," अण्णांनी वाक्य पुरं केलं.

मधल्याला एवढं स्पष्ट म्हणायचं नव्हतं. पण म्हणायचं तेच होतं.

"आज वाढदिवस आहे ना," नवी सावकाश म्हणाली. तिचे डोळे लुकलुकायला लागले होते. "ऐंशीव्या वाढदिवसाला आजोबा खुशीत आलेत, दिसेल त्याला लिहीत सुटलेत. सकाळी पहिला फोटो समोर आला तो नवरीचा. बाकीचे आता. वेळसुद्धा जुळते."

"नाही," थोरला उठून उभा राहिला. "गाव हसेल अण्णांना. ज्या माणसानं जन्मभर तोंडातून एक शब्द काढला नाही, त्याला लोक बडबड्या म्हणणार? म्हातारचळ लागला म्हणणार? त्यापेक्षा मी पेज बंद करतो, त्या मुलीच्या सासरी जातो, काय वाटेल ते खोटं सांगतो."

"खोटं बोललास की तुझे कान लाल होतात," थोरली म्हणाली. "आपलं लग्न ठरत होतं तेव्हापासून बघतेय."

थोरल्याचे कान तिथल्या तिथे लाल झाले.

अण्णा खिडकीकडे बघत होते. खाली रस्त्यावर रविवारची वर्दळ होती, माणसं आपापल्या डोक्यांसकट चालली होती. त्यातली किती डोकी अण्णांची होती, ते फक्त अण्णांना माहीत. मधल्याला वाटलं, आपण थोडं जास्तच बोललो. इतरांची फजिती करणं वेगळं. इथं फजिती व्हायची होती ती बापाची, आणि तीही बापाच्या स्वतःच्या हातानं.

"राहू दे अण्णा," तो म्हणाला. "दुसरं काहीतरी शोधू."

"तिनं काय लिहिलंय?" अण्णांनी नवीला विचारलं. "शेवटी."

"भांग खरंच छान बसलाय."

"हं." अण्णांनी हात पुढे केला. "आण तो फोन. मीच लिहिणार. तुम्ही लिहिलंत तर तुमच्यासारखं दिसेल. माझं बोट एका अक्षरावर दोनदा पडतं, ते तुम्हाला जमायचं नाही."

"अण्णा, लोक हसतील," थोरला परत म्हणाला, पण आता आवाजात जोर नव्हता.

"हसू देत की. हसताना माणसं दुसऱ्याच्या डोक्याकडे बघत नाहीत." अण्णांनी चष्मा चढवला. "पहिला कोण?"

मधला सुचवणार, तोच थोरला बोलला. खाली बघत, एकदम गंभीरपणे.

"औषधवाला. त्याच्या डोक्यावर एक केस नाही."

क्षणभर कुणाला कळेना, हे खरंच थोरल्याच्या तोंडून आलं का. मग आत्या जी हसायला लागली, ती टेबलावर डोकं ठेवूनच हसली. मधल्यानं उठून भावाच्या पाठीवर एक थाप मारली. इतक्या वर्षांत थोरल्यानं केलेला हा पहिला विनोद, आणि तोही ऐन वेळेला.

मग काम सुरू झालं. नवीनं सूत्रं हातात घेतली आणि मधल्याला बाजूला बसवलं, कारण तो लगेच अनोळखी लोकांच्या फोटोंपर्यंत पोचला होता. "फक्त ओळखीचे, काका. ज्यांच्या तोंडावर आपण हे म्हणू शकतो तेच. आणि आपलं एकही गिऱ्हाईक नको." गिऱ्हाईक कोण कोण, ते अण्णा नुसत्या मानेनं सांगत होते. नवी एखादा फोटो समोर धरायची, अण्णा मान हलवायचे, फोटो पुढे जायचा. पोस्टातल्या माणसाला त्यांनी मान हलवली तेव्हा आत्याचा आ वासला.

"तो? काय सांगता!"

"मी काही सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. "मान अवघडली होती."

औषधवाल्याच्या टकलाखाली भांग छान बसला. व्यायामवाल्याच्या टकलाखाली बसला. शिंप्याच्या जटांखाली बसला. जनावरांच्या डॉक्टरच्या कुत्र्याखाली बसला, आणि कुत्र्याचा भांग खरोखरच मधोमध होता. झाडूच्या दुकानानं नवीन झाडूंचा फोटो टाकला होता. तिथं अण्णांनी स्वतःहून फोन मागितला आणि 'छान' च्या पुढे आणखी एक 'छान' घातला.

उत्तरं यायला फार वेळ लागला नाही. औषधवाल्यानं लिहिलं, 'अण्णा, माझा भांग फारच रुंद झालाय, जरा बारीक करून द्या.' त्याला अण्णांनी उत्तर दिलं, 'डोकं ठेवून जा.' नवी म्हणाली, येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, आणि लगेच द्यायचं, नाहीतर गंमत मरते. मग अण्णा सांगायचे, थोरली चष्मा पुसून द्यायची, आत्या आपल्या दुसऱ्या खात्यावरून आगीत तेल ओतायची. झाडूवाल्यानं विचारलं, धुवायला आणू का आपटायला? कुत्र्याच्या डॉक्टरनं लिहिलं, हा धुवायला येत नाही, पळून जातो. बघता बघता लोक अण्णांची वाटही न बघता एकमेकांच्या फोटोंखाली तेच लिहायला लागले.

थोरला मात्र एकाच फोटोवर डोळे लावून बसला होता. नवरीच्या.

"आलं," तो म्हणाला.

नणंदेनं पुन्हा लिहिलं होतं. 'अय्या, तुम्ही सगळ्यांनाच म्हणताय होय! मला वाटलं वहिनीलाच. वाढदिवसाच्या शुभेच्छा आजोबा! माझाही भांग बघा की.' सोबत स्वतःचा फोटो.

मधल्यानं सुटकेचा श्वास सोडला. नवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला.

"हिचा वाकडा आहे," ते म्हणाले.

"अण्णा, नाही!" सगळे एकदम ओरडले.

"मी कुठं लिहितोय? बघा म्हणाली म्हणून बघितलं."

संध्याकाळी आत्या निघाली तेव्हा थोरला तिला सोडायला खाली गेला, आणि परत आल्यावर पेज बंद करण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. जिन्यात नवीला एवढंच म्हणाला, "हा रस्ता आहे असं धरूनच चालायचं यापुढे. आपण कुणाच्याही फोटोखाली आपण होऊन जायचं नाही."

"नाही जाणार, बाबा. आपण आपल्या ओट्यावर बसायचं. ज्याला यायचं तो येईल."

आणि लोक आले. ते वाक्य गावभर झालं. पेजवर दिवसभर थट्टामस्करी चाललेली असायची, आणि त्या गर्दीत आता कुणीही येऊन उभं राहू शकत होतं. आधी केसांच्या दुकानाशी बोलताना माणूस दिसला असता. आता 'धुवायला कधी आणू?' असं शंभर जण गमतीनं विचारायचे, आणि त्यातला एखादा खरंच विचारायचा. नवी त्याला वेगळा निरोप पाठवायची. हे सगळं मुद्दाम आखून केलं असतं तर जमलं नसतं, असं ती म्हणायची. मधला म्हणायचा, आखूनच केलं होतं, आणि कुणी विचारलं तर हातानं आकृती काढून दाखवायचा.

अण्णांना रस्त्यात मोकळेपणी चालता येईना. भाजीवाली हाक मारायची, अण्णा, बसलाय का? शाळेतली पोरं केस विस्कटून समोर उभी राहायची. सुरुवातीचे काही दिवस अण्णा मान खाली घालून जात, आणि सोबत चालणारा मधला मनात ओशाळत असे. मग एक दिवस त्यानं पाहिलं, भाजीवालीनं हाक मारली आणि अण्णांनी काठी उंचावून उत्तर दिलं, "छान बसलाय!" त्यानंतर ते ज्याला त्याला म्हणायला लागले.

पुढच्याच आठवड्यात दातवाली समोरून येताना दिसली. सोबत सासूबाई, हातात पिशव्या. मधल्यानं सवयीनं शेजारच्या दुकानाच्या काचेत बघायला सुरुवात केली. त्या काचेतच त्याला दिसलं, अण्णा थांबलेत.

अण्णांनी त्या मुलीच्या केसांकडे पाहिलं. घाईघाईनं नाही. जाळीवर मान वाकवून जेवढा वेळ पाहिलं असेल, त्यातला थोडासा वेळ त्यांनी भर रस्त्यात, उन्हात घेतला. इतक्या वर्षांत रस्त्यानं चाललेल्या आपल्या एकाही कामाकडे त्यांनी असं उघड पाहिलं नव्हतं.

"भांग छान बसलाय," ते म्हणाले.

मुलीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग ती हसली, फोटोतल्यासारखी, मान मागे टाकून. "पुढच्या महिन्यात धुवायला आणते हं अण्णा," ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली.

"चल गं," सासूबाई हसत म्हणाल्या. "ते सगळ्यांनाच म्हणतात."

दोघी पुढे गेल्या. अण्णा आणि मधला चालत राहिले. कोपरा वळून झाल्यावर अण्णांनी हळूच मागे पाहिलं आणि मधल्याच्या कानाशी लागले.

"डाव्या कानामागं किंचित सैल झालंय," ते म्हणाले. "बोललो नाही."